कासार ओळ तेजीत

कोष्टी टेलरनी दुकानाला कायमचं कुलूप घातलं, त्याच संध्याकाळी बातमी आली की कराडची कासार ओळ वधारली.

बातमी सगळ्या ओळीनं एकाच वेळी ऐकली, कारण ती प्रत्येक दुकानातल्या डबीतून यायची. "कासार ओळीत आज उत्साहाचं वातावरण, निर्देशांक सव्वा टक्क्यानं वर," डबीतली बाई लाडात येऊन म्हणाली. कुमुद वेळापुरे आपल्या बांगड्यांच्या दुकानात गादीवर बसली होती. पलीकडच्या गाळ्याला कोष्टींचं शटर खाली ओढलेलं होतं आणि ते बिचारे शिलाई मशीन टेम्पोत घालून नुकतेच गावाकडं निघून गेले होते.

"उत्साह म्हणे," कुमुद डबीवर खेकसली. "टेम्पोत बसून गेला तोच का उत्साह, भवाने?"

डबीला शिव्यांचं काही वाटायचं नाही. शिव्या तिच्या यादीतच नव्हत्या.

ही डबी म्हणजे आपली तीच, पैसे जमा झाले की भर बाजारात ओरडून सांगणारी. पूर्वी तिला फक्त तोंड होतं. 'अर्थस्पंद' नावाच्या कंपनीनं तिला कान दिले आणि तिथून सगळ्यांचे दिवस फिरले. कंपनीच्या विद्वानांचं म्हणणं असं होतं की, बाजाराची खरी हालत आकड्यांत उतरायला महिने लागतात, पण माणसांच्या बोलण्यात ती आधी उतरते. दुकानदार हिशेब करायच्या आधी कुरकुर करतो आणि गिऱ्हाईक पाकीट उघडायच्या आधी उसासा टाकतो. ही कुरकुर रोज मोजली तर देशाचीच काय, एकेका गल्लीची नाडी त्याच दिवशी हाताला लागेल. विचार चुकीचा नव्हता, हेच वाईट झालं.

अडचण कायद्याची होती. माणसांचं बोलणं दुकानाबाहेर जाता कामा नये, असा कायदा होता. म्हणून डबीत एक नखाएवढी चकती बसवली. तिला वाक्य कळत नसे. 'दुकान', 'माल', 'तेल', 'मीठ' असा धंद्यातला शब्द आणि त्याच्या जवळपास चढाचा किंवा उताराचा शब्द सापडला, की ती फक्त अधिक किंवा उणे एवढीच खूण वर पाठवी आणि ऐकलेलं विसरून जाई. अधिक पाठवलं की हिरवा दिवा लुकलुके, उणे पाठवलं की लाल. चोरून ऐकत नाही, हे दिसावं म्हणून दिवा. राज्यभरातून अशा कोट्यवधी खुणा गोळा होत आणि संध्याकाळी प्रत्येक ओळीचा निर्देशांक जाहीर होई.

एवढ्यावर थांबलं असतं तर लोकांनी क्रिकेटच्या स्कोअरसारखं ऐकलं असतं आणि सोडून दिलं असतं. पण फुकट मिळणारा आकडा कुणाला नको असतो? आधी बँकांनी उचलला, मग वीज कंपनीनं, मग घरमालकांनी, शेवटी नगरपालिकेनं. भाडं, विजेचा दर, घरपट्टी, कामगाराचा पगार, सगळ्या करारांत एक ओळ घुसली: 'निर्देशांकानुसार'. दुधाचा भावसुद्धा ओळीगणिक बदलायला लागला. कासार ओळीतल्या बायका पिशवी घेऊन मागच्या लोणार गल्लीत जात, कारण ती गल्ली मंदीत होती आणि मंदीतलं दूध स्वस्त होतं. लोणार गल्लीतले लोक त्यांच्याकडं डोळे वटारून बघत. 'आमच्या मंदीवर यांची चैन,' असं एकीनं तोंडावर म्हटलंसुद्धा.

बातमी ऐकायची आणि मग ठरवायचं, अशी सवय सगळ्यांना लागली होती.

कुमुदचं ठरवण्यासारखं एकच होतं. दुकान तिचं, पण गाळा धाकट्या दिराचा. सासऱ्यांनी वाटणी करताना थोरल्याला धंदा दिला आणि धाकट्याला इमारत. थोरला, म्हणजे कुमुदचा नवरा, जाऊन सहा वर्षं झाली. धाकटे शशिकांत भावजी खालच्या पाच गाळ्यांचं भाडं घेत आणि वरच्या मजल्यावर झोपाळ्यावर बसून बातम्या ऐकत. भाडं दर तिमाहीला नव्यानं ठरायचं. आता पाडव्याच्या आदल्या संध्याकाळचा आकडा धरायचा होता. तो आणखी चढला तर कुमुदला गाळा सोडावा लागणार होता. तिनं मनाशी दहादा हिशेब मांडून पाहिला होता, आणि दहाही वेळा उत्तर तेच आलं होतं.

"वहिनी," त्या संध्याकाळी भावजी खाली येऊन म्हणाले, "ऐकलंत ना? ओळीला चांगले दिवस आलेत."

"ऐकलं. कोष्टींना सांगायचं राहिलं वाटतं."

"प्रत्येकाला तेजी झेपत नाही, वहिनी." भावजी असं बोलताना हात जोडत. त्यांनी कधी कुमुदला अगं-तुगं केलं नाही, आवाज चढवला नाही. एखाद्यानं सरळ भांडावं तर त्याला उत्तर तरी देता येतं. कुमुदला या माणसाच्या नम्रपणाची शिसारी होती.

पुढच्याच आठवड्यात तिला गोम सापडली. शेजारी सदाशिव डुबलांचं किराणा दुकान होतं. कुमुद तिथं मिठाची पिशवी आणायला गेली.

"मीठ वाढलंय ओ वहिनी," डुबल म्हणाले. "उद्याच्याला येतंय."

आणि डबीचा हिरवा दिवा लुकलुकला.

कुमुद दिव्याकडं बघत राहिली. "डुबल, पुन्हा म्हणा."

"काय म्हणू?"

"मिठाचं काय झालं ते."

"मीठ वाढलं म्हणलं की. दुसरा शब्द कसा काढायचा तोंडातनं?" पुन्हा हिरवा.

"आणि परवा कोष्टी गेले तेव्हा तुम्ही लोकांना काय सांगितलंत?"

"हेच की, कोष्टींनी दुकान वाढवलं म्हणून." तिसऱ्यांदा हिरवा.

कुमुदनं मनाशी जुळवून पाहिलं. रोज रात्री ओळीतला प्रत्येक दुकानदार शटर ओढताना म्हणायचा, 'चला, दुकान वाढवतो.' तेल सरलं की तेल वाढलं. धंदा बुडून कुणी गाव सोडलं की त्यानं दुकान वाढवलं. वाईट शब्द तोंडातून काढायचा नाही, म्हणून आजवर सगळ्यांनी चांगला शब्द वापरला, आणि त्या भवानीनं प्रत्येक वेळी अधिकची खूण पाठवली. एक दुकान बंद पडलं की निर्देशांक चढायचा, निर्देशांक चढला की भाडं चढायचं आणि भाडं चढलं की पुढचं दुकान बंद पडायचं. ओळ जेवढी मरत होती तेवढी बातमीत फुलत होती.

अर्थस्पंदचं ऑफिस बसस्टँडजवळ होतं. तिथला अधिकारी निनाद उपळेकर पुण्याचा होता, तिशीतला, बोलायला गोड. त्यानं कुमुदला चहा मागवला.

"मॅडम, वाढणं म्हणजे वाढणंच ना? आम्ही मराठीची यादी वर्तमानपत्रांच्या बाजारभावाच्या पानांवरून केली. तिथं सोनं वाढलं म्हणजे वाढलंच असतं."

"साहेब, तुमच्या घरी मीठ सरलं की आई काय म्हणते?"

"आमच्याकडं सरायच्या आधीच येतं ते. ऑर्डर आपोआप जाते."

"बरं. मग नारळ फोडताना काय म्हणते? फोडला म्हणते की वाढवला म्हणते?"

निनादचा कप हातातच राहिला. त्यानं संगणकावर एक आलेख उघडला. महाराष्ट्रातल्या प्रत्येक गल्लीची रेघ रात्री नऊच्या सुमारास ताडकन वर जात होती.

"आम्ही याला सायंकालीन आशावाद म्हणतो," तो हळूच म्हणाला. "आमच्या सरांनी यावर प्रबंध लिहिलाय. त्यांना परदेशात बक्षीस मिळालं."

"आशावाद नव्हे हो. शटर ओढतात लोक."

त्याला कळलं होतं, हे तिला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. आणि पुढच्याच क्षणी तो चेहरा मिटलेलाही दिसला. "हे बघा मॅडम, चूक मान्य केली तर? या आकड्यावर अर्ध्या राज्याचे करार आहेत, कर्जं आहेत. निर्देशांक चुकला ही बातमी झाली, तर तीसुद्धा बातमीच ना? त्या एका बातमीनं किती दुकानं बसतील? आकडा चुकीचा असेलही, पण लोक त्यावर वागतात, म्हणून तो आता खरा झालाय."

"म्हणजे आम्ही मरायचं, तुमचा आकडा जगायचा."

"असं का म्हणता? तुम्हीच जरा शब्द बदला की." तो हसला. "भाषा काय, बदलत असतेच."

कुमुदनं चहा तसाच ठेवला. तिला तो कप त्याच्या आलेखावर ओतावासा वाटत होता.

डब्या बंद ठेवायची सोय नव्हती. डबी बंद म्हणजे पैसे बंद. म्हणून तिनं ओळीतल्या उरलेल्या दुकानदारांना मारुतीच्या पारावर बोलावलं, जिथं डबी नव्हती. उद्यापासून सगळ्यांनी उघडं-नागडं बोलायचं, ती म्हणाली. बंद, संपलं, बुडालं. एकच गलका झाला.

"दिवेलागणीला दुकान बंद म्हणू?" डुबल ओरडले. "डोस्कं फिरलं का काय तुमचं, वहिनी? माझ्या बापानं कधी तो शब्द काढला न्हाय."

"तुमच्या वडलांच्या दुकानात डबी नव्हती. म्हणायचं नसेल तर नका म्हणू. कोष्टींच्या टेम्पोवाल्याचा नंबर देते, सांगून ठेवा."

शिव्याशाप देत, देवाची माफी मागत लोकांनी सुरुवात केली. पहिल्या दिवशी डुबलांनी 'तेल संपलं' म्हटलं आणि लगेच कानाला हात लावला. चार दिवसांत भीड मात्र साफ चेपली. स्वतःच्या दुकानाबद्दल वाईट बोलायला जीभ अडखळते, शेजाऱ्याच्या दुकानाबद्दल बोलताना ती आपोआप सैल सुटते, हे सगळ्यांच्याच ध्यानात आलं. "वहिनींचा धंदा बुडाला! वहिनींचं दुकान बंद पडणार!" डुबल डबीपुढं इतक्या चवीनं ओरडायला लागले, की कुमुदनं त्यांच्याकडून सामान आणणं सोडलं. तिनंही मग त्यांच्या गुळाला मुंग्या लागून धंदा बसल्याचं डबीला सांगितलं. लाल दिवे दिवसभर लुकलुकत राहिले. निर्देशांक घसरला.

पण त्याचीही बातमी झालीच. 'कासार ओळीत घबराट' असं डबी म्हणाली, आणि घबराटीच्या ओळीत खरेदीला कोण येणार? फिरोजाबादहून बांगड्या पाठवणाऱ्या व्यापाऱ्यानं फोन करून सांगितलं की आता आधी पैसे, मग माल. तरी कुमुद तग धरून होती. पाडव्यापर्यंत आकडा असाच खाली राहिला तर गाळा वाचत होता.

पाडवा आठवड्यावर आला तेव्हा भावजी खाली उतरले. हात जोडलेलेच होते.

"वहिनी, मी कंपनीला कळवलं. दुकानदार ठरवून अशुभ बोलतात म्हणून. त्यांनाही पटलं. आजपासून या ओळीत दुकानदारांच्या आवाजाला वजन नाही. चकती तुमचे रोजचे आवाज ओळखते. फक्त गिऱ्हाईक काय बोलतं ते धरणार."

"माझं दुकान घालवून तुम्हाला काय मिळणार आहे, भावजी?"

"मी कुठं घालवतोय? मी तर वाढ मागतोय." आणि जाता जाता म्हणाले, "शुभ बोलत जा. दादा असते तर त्यांना आवडलं नसतं हे."

नवऱ्याचं नाव त्या तोंडून ऐकल्यावर कुमुदचं डोकं भणाणलं. रात्रभर तिला झोप आली नाही, आणि सकाळी तिनं काय करायचं ते ठरवून टाकलं.

दुकानदारांच्या लाल दिव्यांना आता किंमत नव्हती, गिऱ्हाइकं शुभच बोलत होती आणि आकडा पुन्हा जिथल्या तिथं चढला होता. तो खाली आणायला गिऱ्हाइकांच्या तोंडून उताराचा शब्द निघायला हवा होता, तोही एकदम, पुष्कळ तोंडांतून. आणि बायकांना 'जरा अशुभ बोला हो' असं सांगून कोण बोलणार? बोलायला सांगायचं नाहीच. त्यांच्या तोंडून आपसूक बाहेर पडेल असं काहीतरी त्यांच्यापुढं घडवायचं. कुमुदनं दुकानातल्या सगळ्या उत्तम बांगड्या काढल्या. हिरवा चुडा, मोरपंखी, बिलोरी, सासऱ्यांच्या वेळची जाड काचेची राजवर्खी. लाकडी दांड्यांवर भरून तिनं त्यांची छातीएवढी उतरंड दर्शनी बाजूला रचली. पाडव्याच्या आदल्या दिवशी निम्म्या भावात विक्री, असं दारावर लिहिलं. चांगली तीसेक बायकांची गर्दी जमली की उतरंड ढकलून द्यायची. एवढी काच एकदम खळ्ळकन फुटल्यावर बायका किंचाळणारच, 'फुटल्या! सगळ्या बांगड्या फुटल्या!' तीस तोंडं, तीस लाल दिवे. माल गेला तरी गाळा राहील. माल पुन्हा भरता येतो.

दिवस कलला तसा दुकानात पाय ठेवायला जागा राहिली नाही. निम्म्या भावाची बातमी कुठल्याही डबीच्या आधी पसरते. बायका एकमेकींना कोपरानं सारत होत्या. भावजीसुद्धा गर्दी बघून खाली आले आणि दाराशी हात जोडून उभे राहिले.

"बघा वहिनी, कसं भरलंय दुकान."

कुमुदनं त्यांच्याकडं एकदा पाहिलं. मग ती उतरंडीमागं गेली आणि दोन्ही हातांनी, होता नव्हता तेवढा जोर लावून तिनं ती ढकलली.

आवाज पार चौकापर्यंत गेला. काच फरशीवर आदळून उसळली, पायऱ्यांवरून रस्त्यावर सांडली. राजवर्खीचे तुकडे भावजींच्या चपलेपाशी जाऊन पडले होते.

आणि पहिला आवाज कुमुदचाच आला. तिनं ठरवलं नव्हतं. तिनं उलटंच ठरवलं होतं. पण लग्न होऊन या दुकानात आल्यापासून तिच्या हातून, गिऱ्हाइकाच्या हातून, पेटीतून काढताना ज्या हजारो बांगड्या गेल्या, त्यांच्यासाठी तिच्या तोंडात एकच शब्द बसला होता.

"अगं बाई, वाढल्या!"

"वाढल्या गं, वाढल्या!" तीस बायका एका सुरात म्हणाल्या. "बांगड्या वाढल्या काकूंच्या!" एक पोरगी "फु" म्हणत होती, तोच तिच्या आईनं तिच्या तोंडावर हात दाबला. "वाढल्या म्हणावं, सणाची वेळ आहे," कुणीतरी तिला दटावलं. मागच्या बायकांना पुढं काय झालं दिसत नव्हतं, त्यांना पुढच्यांनी सांगितलं, "सगळ्या बांगड्या वाढल्या." रस्त्यावर थांबलेल्यांना मागच्यांनी सांगितलं. सगळ्यांना कुमुदची दया आली होती, म्हणून सगळ्या अगदी जपून, चांगलं तेच बोलत होत्या. हिरवा दिवा लुकलुकायचं सोडून नुसता जळत राहिला.

कुमुद काचेत मटकन खाली बसली. तिला रडू आलं नाही. स्वतःची जीभ हासडून टाकावी इतका संताप आला.

"कासार ओळीत विक्रमी तेजी," संध्याकाळी डबी म्हणाली. "ग्राहकांमध्ये अभूतपूर्व उत्साह, राज्यात पहिला क्रमांक."

पाडव्याला नवं भाडं लागू झालं. कुमुदनं गाळा सोडला. डुबलांनीही सोडला, जाताना तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत. बाकीचे दोघं महिन्याभरात गेले. कोष्टींचा धरून पाचही गाळ्यांची शटरं खाली आली, आणि ओळीतली बाकीची दुकानंही त्याच वाटेनं गेली. कुमुद आता पिशवीत बांगड्या घालून घरोघरी जाते. पायांचे हाल होतात, पण पोटापुरतं सुटतं. लोणार गल्लीत तिनं एक खोली घेतली आहे, मंदीतली, स्वस्त.

श्रावणात एका संध्याकाळी भावजी त्या खोलीच्या दाराशी आले. हातात नगरपालिकेची नोटीस होती. पाच रिकाम्या गाळ्यांची घरपट्टी, राज्यातल्या पहिल्या क्रमांकाच्या ओळीच्या दरानं. बँकेनंही इमारतीवरच्या कर्जाचा हप्ता तेजीच्या हिशेबानं वाढवला होता. आणि भाडेकरू एकही येत नव्हता, कारण ते भाडं कुणालाच झेपत नव्हतं.

"वहिनी, आकडा खालीच येईना," ते म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "कंपनीला विचारलं. ते म्हणतात, या ओळीत फक्त गिऱ्हाइकाचा आवाज धरतो. आता गिऱ्हाईकच नाही, तर शेवटी जो होता तोच आकडा राहणार. मी स्वतः रोज डबीपुढं बसून सांगतो, बंद पडलं, बुडालो. दिवाच लागत नाही."

"मालकाच्या आवाजाला वजन नसेल."

"तुम्ही परत बसा दुकानात. निम्म्या भाड्यात बसा. फुकट बसा, वहिनी. चार बायका आल्या पाहिजेत, चार शब्द बोलल्या पाहिजेत. इमारत जाईल हो माझी." त्यांचे हात जोडलेले होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते मनापासून जोडलेले होते.

शेजारच्या दुकानातल्या डबीतून बातम्या सुरू झाल्या. कासार ओळीची तेजी सलग पाचव्या महिन्यात टिकून असल्याचं ती बाई तशीच लाडात येऊन सांगत होती. कुमुदला आपलं दुकान आठवलं, तिथला गादीचा वास, मोरपंखी बांगड्यांवर पडणारं दुपारचं ऊन. ते हवं होतं तिला. फुकट मिळत होतं. पण भावजींच्या चेहऱ्याकडं बघून जे सुख झालं ते त्याहून मोठं होतं, आणि तिनं ते लपवलं नाही.

"एवढ्या तेजीतल्या ओळीत बसायची माझी ऐपत नाही, भावजी," ती म्हणाली, आणि दार लावून घेतलं.